वीणा बिघडली, विणेकरी शाबूत: या उत्तराला उत्तर काय?

मलप्रभा_काठ

मंडळी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, म्हणून इथं विचारते.

आमच्या गावात ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह झाला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बुवांनी प्रवचनात तोच दाखला घेतला. देह ही वीणा आणि आतला जीव, मन, जे काही 'मी' म्हणतं ते, हा विणेकरी. तार तुटली तर सूर बिघडतो, विणेकऱ्याला काही होत नाही. म्हातारपणी विसरायला होतं, डोक्याला मार लागला की माणूस चिडका होतो, दारू पोटात गेली की बरळतो, हे सगळं वीणेचं बिघडणं. आत बसलेला जसाच्या तसा. सगळा मंडप माना डोलवत होता.

मी अभ्यासाला देकार्त वाचला आहे, म्हणजे मन आणि देह या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं द्वैत मांडणारा फ्रेंच तत्त्वज्ञ, आणि त्याच्यावरची टीकाही. गिल्बर्ट राईलनं १९४९ साली 'यंत्रातलं भूत' म्हणून या कल्पनेवर हल्ला चढवला. त्याचा तो प्रसिद्ध पाहुणा सगळी कॉलेजं, ग्रंथालय, मैदानं बघतो आणि शेवटी विचारतो, पण विद्यापीठ कुठं आहे? विद्यापीठ ही त्या सगळ्यांपलीकडची वेगळी वस्तू असेल असं समजणं ही त्याची गफलत, आणि मनाबद्दल देकार्तची तीच, असं राईल म्हणतो. वाचताना मला ते पटलं होतं. मंडपात बसल्यावर लक्षात आलं की बुवांना याचा काहीच त्रास होणार नाही. वीणा आणि विणेकरी दोन्ही समोर दिसतात, मी कुठली गफलत केली, असं ते विचारतील.

मेंदूच्या गोष्टींचंही तेच. फिनिअस गेजची हकीकत मी आमच्या मुख्याध्यापकांना सांगितली. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. माणूस जगला, पण त्याचा स्वभाव पालटला, असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग? वीणा बिघडली."

म्हणून प्रश्न नेमका विचारते. देहाचा मनावर परिणाम होतो, एवढ्यानं भागत नाही, कारण ते बुवांना मान्यच आहे. या दाखल्याला पुरून उरेल असा युक्तिवाद कोणता? एक विनंती, श्रद्धेची टिंगल नको. माझे वडील वारकरी आहेत, माझ्याही गळ्यात माळ आहे.

---

निवृत्त_प्राध्यापक_चिकोडी

प्रश्न फार चांगला मांडला आहेस बाळ. तुझी अडचण खरी आहे. पाठ्यपुस्तकं या अडचणीपाशी थांबत नाहीत, पुढं निघून जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घे. बुवांचा विणेकरी हा देकार्तचा नाही आणि आपल्या दर्शनांतलाही नाही. सांख्यांकडे बघ. बुद्धी, अहंकार, मन ही सगळी प्रकृतीची अपत्यं, म्हणजे माती-पाण्याच्या बाजूची. पुरुष, म्हणजे त्यांचा साक्षी आत्मा, फक्त बघतो, करत काही नाही. गीतेच्या सातव्या अध्यायातला चौथा श्लोक तुझ्या वडिलांना पाठ असेल: भूमी, आप, अनल, वायू, खं, आणि त्याच रांगेत मन, बुद्धी, अहंकार. अष्टधा प्रकृती. म्हणजे मन आणि देह यांच्यामध्ये रेघ मारायची कल्पना आपल्याकडे तितकी रुजलेली नाहीच. रेघ आहे ती मन-देह एकीकडे आणि साक्षी दुसरीकडे, अशी. प्रवचनात मन आणि साक्षी यांची एक मोळी बांधली जाते आणि तिलाच 'आतला' म्हटलं जातं. तू हे आधी सोडवून घेतलंस तर अर्धं काम झालं.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्यायही वाच. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी ठेवतो. फक्त पाणी. मग म्हणतो, ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. मुलाला काही आठवत नाही. जेवू घातल्यावर सगळं परत येतं. तेव्हा बाप सांगतो, 'अन्नमयं हि सोम्य मनः'. मन अन्नाचं बनलेलं आहे. हे कुठल्या परक्या नास्तिकाचं म्हणणं नाही, हे तू बुवांपुढं आदरानं ठेवू शकतेस.

आता पश्चिमेकडे. देकार्तला सर्वांत चांगला प्रश्न एका तरुणीनं विचारला. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, साल १६४३, वय चोविशीचं. तिनं पत्रात लिहिलं की एखादी वस्तू हलते ती ढकलल्यानं, आणि ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला विस्तार लागतो. तुमच्या आत्म्याला विस्तारच नाही, मग तो देहाला हलवतो कसा? देकार्तनं जडपणाचं उदाहरण देऊन वेळ मारून नेली. ती गप्प बसली नाही. पुढच्या पत्रात तिनं लिहिलं की निराकार वस्तू देह हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे हे मानणं मला सोपं जातं. त्याच पत्रात तिनं आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती तुझ्या कामाची आहे. नीट विचार करण्याची सवय लागलेला आत्मा, ज्याला देहाशिवाय राहता येतं, ज्याचं देहाशी काहीच साम्य नाही, तो अंगातल्या काही वाफांमुळे आपला सगळा विवेक कसा गमावून बसतो? हा तुझ्या मुख्याध्यापकांनाच विचारलेला प्रश्न आहे. वाफेनं वीणा बिघडेल. विवेक का बिघडावा?

आणि हे नक्की बघ: खुद्द देकार्तनं सहाव्या चिंतनात म्हटलं आहे की मी देहात नावाड्यासारखा बसलेलो नाही. तसं असतं तर देहाला इजा झाल्यावर नावाडी नावेची मोडतोड बघतो तशी मी ती नुसती बघितली असती, मला दुखलं नसतं. दुखतं, याचा अर्थ दोघं मिसळलेले आहेत. म्हणजे विणेकऱ्याचं चित्र द्वैतवादाच्या पितामहालाही नको होतं.

आर्नो या देकार्तच्या समकालीन तत्त्वज्ञाचा आक्षेपही थोडक्यात सांगतो, परीक्षेला येतो. देह नाही अशी कल्पना मी करू शकतो, मी नाही अशी करू शकत नाही, म्हणून मी देहाहून वेगळा, असं देकार्त म्हणतो. आर्नोनं विचारलं, एखाद्याला काटकोन त्रिकोण नीट कळतो, पण कर्णाचा वर्ग बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो का याची त्याला शंका आहे. मग तो गुणधर्म त्रिकोणाहून वेगळा झाला का? कल्पनेत सुटं करता आलं म्हणून वस्तू सुटी होत नाही.

बेळगावला हिंदवाडीतल्या गुरुदेव रानडे मंदिरात जात जा. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आपल्या भागात यासारखी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

---

उद्यमबाग_लेथ

मी शिकलेला नाही जास्त. आयटीआय टर्नर. खरं प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

लेथवर बोअर, म्हणजे आतलं भोक, काढताना टूलची धार गेली की आवाज बदलतोय, हँडलला बारीक हिसका लागतोय. 'धार गेली' असं वाक्य आधी मनात येतंय आणि मग हात मागं येतोय, असं होत नाही ओ. हात मागं आलेला असतोय, मग आपल्याला कळतंय का आला ते. नवीन पोरगं हाताखाली येतंय, त्याला मी सांगून सांगून किती सांगणार? लिहून द्यायला बसलो तर अर्धं पान भरत नाही. त्याचा हात हँडलवर ठेवायचा, त्याच्या हातावर आपला ठेवायचा, आणि आठवडे जाऊ द्यायचे. एक दिवस त्याचा हात आपोआप मागं येतोय. त्या दिवशी तो टर्नर झाला.

आता आत बसलेला वेगळा आणि हात वेगळा म्हटलं, तर हा हुन्नर कुणाकडं हाय? आतल्याकडं असला तर त्यानं मला तो सांगायला पाहिजे होता, मी लिहून दिला असता. हाताकडं हाय म्हटलं, तर हात निर्जीव वीणा कसा काय?

---

निपाणीची_फिजिओ

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. निपाणी आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन लकव्याच्या पेशंटना व्यायाम देते. तत्त्वज्ञान शिकलेले नाही, सरांसारखं मला मांडता येणार नाही. पण तुमच्या विणेकऱ्याचा प्रश्न माझ्या कामात जवळजवळ रोज माझ्यासमोर खाटेवर असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही की अंगाची डावी बाजू जाते. यातल्या काही पेशंटमध्ये, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, एक प्रकार दिसतो. मी म्हणते, "काका, डावा हात उचला." समोरचा कानडी असला तर "कै एत्री." काका म्हणतात, "उचलला की." हात गादीवर पडलेला असतो. मी तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर आणते आणि विचारते, हा कुणाचा? "सुनेचा असेल." आणि हेच काका तंबाखूला यंदा काय भाव फुटला, वखारीत कुणाचा माल पडून आहे, नातीचं लग्न कुठल्या तारखेला ठरलं, हे सगळं बिनचूक सांगतात. ते वेडे नाहीत, खोटं बोलत नाहीत, माझी चेष्टाही करत नाहीत. आपला हात गेला आहे हे त्यांना कळतच नाही. या प्रकाराला बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९१४ साली अ‍ॅनोसोग्नोसिया हे नाव दिलं.

आता बुवांचा दाखला इथं लावून बघा. सप्ताहात वीणेची तार तुटली तर सगळ्यांत आधी कुणाला कळतं? ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याला. सूर लागत नाही, काहीतरी तुटलं, हे त्याला कळणारच, कारण तो शाबूत आहे. माझ्या पेशंटचा विणेकरी शाबूत असता तर त्यानं म्हटलं असतं, "पोरी, मी उचलतोय, पण हात साथ देत नाही." असं म्हणणारे पेशंट पुष्कळ असतात, आणि त्यांच्यापुरता दाखला चालतो. पण या काकांच्या बाबतीत तार तुटली त्याच वेळी 'तार तुटली' हे कळणंही तुटलं. बिघाड वीणेत आहे म्हणायचं, तर मग कळणं वीणेतच होतं.

लोक म्हणतात, धक्का सोसत नाही म्हणून मन नाकारतं. मलाही घरचे हेच सांगतात. तसं असतं तर उजवी बाजू गेलेल्यांनीही तितकंच नाकारलं असतं. उजवा हात जाणं कामकऱ्याला जास्तच जड. पण हा प्रकार डावी बाजू गेलेल्यांतच कितीतरी जास्त दिसतो. दुःख डावं-उजवं बघत नाही, हा प्रकार मात्र मेंदूतल्या जागेवर ठरतो. आणखी एक: काही पेशंटच्या डाव्या कानात थंड पाणी सोडलं की थोडा वेळ त्यांना आपला हात गेल्याचं कळतं, पाण्याचा परिणाम ओसरला की ते कळणं पुन्हा जातं, अशी निरीक्षणं १९८० आणि १९९० च्या दशकांत नोंदली गेली आहेत. (हे घरी करू नका कुणी.) सरांनी राजकन्येच्या वाफा सांगितल्या. इथं कानातल्या थंड पाण्यानं माणसाचं स्वतःबद्दलचं ज्ञान ये-जा करतं.

हात हा शेवटी अवयवच, असं कुणी म्हणेल. मग कल्पनाशक्तीचं घ्या. ती तरी शुद्ध मनाची असायला हवी ना? डोळे मिटून चित्र उभं करायला हात-पाय लागत नाहीत. १९७८ साली इटलीत बिझियाक आणि लुझात्ती या दोघांनी डावीकडचं भान गेलेल्या पेशंटना मिलानचा कॅथीड्रलपुढचा चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला. चौक त्यांच्या पायाखालचा होता, लकव्याच्या आधीपासून ओळखीचा. चौकाच्या एका टोकाला उभे आहात अशी कल्पना करा आणि काय दिसतं ते सांगा, म्हटल्यावर त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या वगळल्या. मग सांगितलं, आता समोरच्या टोकाला उभे राहा आणि इकडे बघा. आता त्यांनी मघाशी वगळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या वगळल्या. आठवण सगळी होती. पण मनातल्या चौकालाही डावी-उजवी बाजू होती, आणि ती त्यांच्या देहाची डावी-उजवी होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण डोळे मिटून जिथं जातो तिथंही देह घेऊनच जातो.

आता बुवा म्हणू शकतात, बरं, कळणंही वीणेतलं धरा, कल्पनाही धरा. धरू. पण मग थांबायचं कुठं? भाषा धरावी लागेल, कारण मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा शब्द जातात. ब्रोकानं १८६१ साली मेंदूतली ती जागा दाखवली. आठवण धरावी लागेल. स्वभाव धरावा लागेल, तुमच्या गेजच्या हकीकतीनं. माया धरावी लागेल, कारण मेंदूच्या पुढच्या भागाच्या काही आजारांत माणसाची घरच्यांबद्दलची ओढच आटते, बाकी बुद्धी बरी असताना. एकेक करून सगळं वीणेत गेल्यावर विणेकऱ्याकडं काय उरलं? मंडपातल्या विणेकऱ्याला अभंग पाठ असतो, चाल ठाऊक असते, पहाटेच्या पहाऱ्याला तो पेंगतो, त्याला पांडुरंगाची ओढ असते. दाखला पटतो तो या माणसामुळे. 'आपले दादा आत जसेच्या तसे आहेत' हा धीर त्यातूनच मिळतो. पण जे उरतं त्याला चाल येत नाही, नातीचं नाव ठाऊक नाही, ओढ नाही. त्याला दादा म्हणता येईल का?

ताई, माझ्या मते तुम्हाला हवा तो युक्तिवाद हा आहे. वीणेचा दाखला खोटा पाडायची गरजच नाही. तो शेवटपर्यंत चालवा. शेवटपर्यंत चालवला की विणेकरी अनोळखी होतो.

आणि मी हे नुसतं वादासाठी लिहीत नाही. मन वेगळं आणि देह वेगळा या समजुतीचा त्रास मी घराघरात बघते. डावीकडचं ताट न बघणाऱ्या सासऱ्याला सून म्हणते, मुद्दाम करतात. लकव्यानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, त्यावर उपचार आहेत, पण घरचे म्हणतात, "हात-पायाला औषध चालू आहे, मन तुमचं तुम्ही घट्ट करा." ज्या मेंदूला जखम झाली त्यालाच घट्ट व्हायला सांगतात. याच्या उलट बाजूही आहे. आमच्याकडं विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसतात. मान धरते, पाठ धरते, हात मुंग्यांनी भरून जातो. फोटो काढला, काही निघालं नाही, की त्यांना सांगितलं जातं, "काही नाही, मनाचं आहे तुमच्या." म्हणजे देहात सापडलं नाही ते मनात टाकलं, आणि मनात टाकलं ते खरं नाही असं ठरवलं. त्या बाईचं दुखणं कशातच बसेना. मला याचा फार राग येतो.

टर्नर दादा, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. नव्या पेशंटचा हात मी तसाच धरते.

---

शहापूरचा_तंबोरा

फिजिओताई, तुमचं म्हणणं ताकदीचं आहे, पण माझ्याकडं उलटं उदाहरण आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातलं. कुमार गंधर्व. जन्म १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. ऐन उमेदीत क्षयानं गाठलं, देवासला जाऊन अंथरुणाला खिळले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं. आणि त्यानंतर त्यांनी जे गायलं त्यानं हिंदुस्थानी संगीताची दिशा बदलली. अर्धी वीणा मोडली असताना विणेकऱ्यानं हे करून दाखवलं. देहावर मनाची मात यालाच म्हणतात ना?

---

निपाणीची_फिजिओ

कुमारजींचं नाव निघालं की आपल्या भागातल्या माणसाचा ऊर भरून येतो, माझाही येतो. पण तेच उदाहरण मी माझ्या बाजूला घेईन.

मात झाली असती तर आजारानंतर आधीचंच गाणं परत आलं असतं. तसं झालं नाही. नवं गाणं आलं. छोटे, भरीव आलाप, मध्येच उसळून येणारा स्वर, आणि मग थांबणं. त्या थांबण्यात जाणकारांना केवढं संगीत ऐकू येतं! ते श्वासामुळे होतं की आधीपासूनच त्यांच्या विचारात होतं, यावर जाणकार भांडतात आणि मी त्यात पडणार नाही. पण गाण्याचा विचार एका बाजूला आणि श्वास दुसऱ्या बाजूला असं वेगळं करून दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येईल? शिवाय माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडली ती अंथरुणावर पडून राहिल्यामुळे. देह ज्या गावी, ज्या खोलीत पडून होता, तिथल्या बायकांचं गाणं त्यांच्या संगीतात आलं. तो देह सुळेभावीला पडून असता तर दुसरंच काही आलं असतं.

धैर्य होतंच, अफाट होतं. ते धैर्य फुप्फुसासकट होतं एवढंच माझं म्हणणं.

---

निवृत्त_प्राध्यापक_चिकोडी

फिजिओताई, तुम्ही तत्त्वज्ञान शिकलेला नाहीत असं पुन्हा लिहू नका.

एका ठिकाणी मात्र मी तुम्हाला अडवतो. तुमच्या युक्तिवादानं विणेकरी गेला, साक्षी गेला नाही. वेदान्ती म्हणेल, तुम्ही माझंच काम केलंत. आठवण माझी नव्हे, स्वभाव माझा नव्हे, कळणंही बुद्धीचं. नेति नेति करत शेवटी जो फक्त प्रकाश उरतो तो मी. त्याला नातीचं नाव ठाऊक नसणारच. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात देहालाच आत्मा मानणाऱ्यांना उत्तर दिलं आहे ते वाचा. देह तर मेल्यावरही असतो, मग चैतन्य देहाचा धर्म कसा, असा त्यांचा सवाल आहे. याला प्रतिपक्षाकडून उत्तर देता येतं, की प्रेत आणि जिवंत देह ही एकच वस्तू नव्हे, जिवंतपण ही चालू असलेली क्रिया आहे आणि चैतन्य त्या क्रियेचं. मला हे उत्तर बरंच पटतं. तरी एक गोष्ट उरते. थंड पाणी कानात गेलं की काय काय बदलतं हे तुम्ही सांगितलंत, पण मुळात कुणाला काही जाणवतंच का, हे त्यानं सुटत नाही. थॉमस नेगलनं १९७४ साली वटवाघळाचं उदाहरण घेऊन हाच प्रश्न विचारला. त्याच्या कानांचं, मेंदूचं सगळं शास्त्र कळलं तरी वटवाघूळ असणं कसं जाणवतं हे आपल्याला कळत नाही.

तरी हेही मान्य करतो की समजुतीत फट आहे म्हणून वस्तूत फट आहे असं सिद्ध होत नाही. आर्नोचा त्रिकोण इथंही लागू पडतो.

---

निपाणीची_फिजिओ

सर, साक्षीशी माझं भांडण नाही. तो आहे की नाही हे ठरवायला माझ्याकडं साधन नाही. माझं भांडण आहे ते साक्षीचं अमरपण दाखवून दादांचं अमरपण विकण्याशी. ज्याला साक्षी मानायचा त्यानं जरूर मानावा, मग त्याच्याशी नातं सांगू नये.

आणि 'मन म्हणजे मेंदू' असंही मी म्हणत नाही, कुणी तसं समजू नये. टर्नर दादांचा हुन्नर नुसता त्यांच्या कवटीत नाही, तो हात, हँडल, टूल आणि बोअर यांच्यात मिळून आहे. मेर्लो-पाँती नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९४५ साली आंधळ्याच्या काठीबद्दल लिहिलं आहे, ते आमच्या एका बाईंनी कॉलेजात सांगितलेलं लक्षात राहिलं. सवय झाली की काठी ही हातातली वस्तू राहत नाही, काठीच्या टोकालाच रस्ता लागतो. मी माझ्या पेशंटना काठी देते तेव्हा हे घडताना बघते.

---

मलप्रभा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, मोळी सोडवायचं तुमचं म्हणणं आणि ताई, दाखला शेवटपर्यंत चालवायचं तुमचं म्हणणं, हे दोन्ही वहीत लिहून घेतलं. वडिलांना छांदोग्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, एकादशीला दुपारनंतर पोथीत लक्ष लागत नाही ते याचमुळे असेल. आणि लगेच म्हणाले, तरी उपास सोडणार नाही. पुढच्या गुरुवारी बुवा परत येणार आहेत. मी विचारणार आहे, आणि वडील सोबत येतो म्हणालेत.

---

हुक्केरी_रोड

विषय सोडून विचारतो, माफ करा. फिजिओताईंचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या वडिलांना पंधरा दिवसांमागं लकवा झाला, डावी बाजू. परवा दवाखान्यातून घरी आणलं. ते म्हणतात हात माझा नाही, कुणीतरी बाजूला झोपलंय त्याला उठवा. आम्ही रोज त्यांच्याशी भांडतो, हात दाखवतो, समजावतो. आई रडते. काय करावं?

---

निपाणीची_फिजिओ

दादा, विषय सोडून अजिबात नाही.

पहिलं, भांडू नका. त्यांना पटवून देता येणार नाही, कारण ज्यानं पटायचं तेच दुखावलेलं आहे. हे हट्टीपणानं चाललेलं नाही, हे आईंना नीट सांगा. बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत, महिन्यांत हे कमी होत जातं. डॉक्टरांना मात्र हे वाक्य आहे तसं सांगा, 'हात माझा नाही म्हणतात', म्हणजे त्यांच्या लक्षात येईल.

दुसरं, डावी बाजू सांभाळा. त्यांना ती बाजू नाहीच असं वाटतं, त्यामुळे ते एकदम उठून उभे राहायला जातील आणि पडतील. एकटे सोडू नका. गरम चहा, शेगडी त्या हाताजवळ नको, भाजलं तरी कळणार नाही.

तिसरं, बोलायला बसाल तेव्हा हळूहळू डावीकडं सरकून बसा. उजवीकडून सुरुवात करा, नजर लागली की थोडं डावीकडं. जेवताना ताट फिरवून द्या आणि उरलेलं शोधायला सांगा. त्यांचा उजवा हात धरून डाव्या हातावरून फिरवा, तेल लावताना त्यांच्याच हातानं लावून घ्या. शब्दांनी जे शिरत नाही ते असं थोडं थोडं शिरतं.

आणि डावा हात खांद्यातून लोंबकळत ठेवू नका. बसल्यावर हाताखाली उशी, उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. व्यक्तिगत निरोपात गाव कळवा, तुमच्या जवळचं कुणी फिजिओ माहीत असेल तर सांगते.